खानावळीला पाटी नसते: शहरातल्या जुन्या हॉटेलांवर संशोधन करायचं तर कुठून सुरुवात करावी?

नेट, सेट, पेट या पायऱ्या चढून झाल्या की पुढचा प्रश्न येतो तो विषयाचा. ज्यांना शहरांचा इतिहास आवडतो, त्यांच्या मनात एक विषय हमखास येऊन जातो: आपल्या शहरातली जुनी खाण्याची ठिकाणं. विषय छान आहे. रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे, वाचणाऱ्यालाही लगेच आपलासा वाटतो. पण मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम विचारतात, "यात संशोधनाचा प्रश्न काय आहे?" तिथे बरेच जण अडतात. कारण आपल्या हातात असते ती एक यादी, प्रश्न नसतो.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. ही यादी तुम्हाला तोंडपाठ असेल. धोबीतलावजवळचं कयानी, १९०४. दादरचं मामा काणे, १९१०. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान, १९१४. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३. माटुंग्याचं कॅफे मद्रास, १९४०. तिथलंच रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी ठरलेल्या: स्थापनेचं साल, संस्थापकाचं नाव, एखादा प्रसिद्ध पदार्थ आणि "आजही तीच चव" हे वाक्य.

आता ही यादी इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेनं परत वाचा. या सगळ्या ठिकाणांत सारखं काय आहे? ती सगळी टिकलेली आहेत. त्यांना पाटी आहे, परवाना आहे, मालकाचं आडनाव आहे, पुढची पिढी गल्ल्यावर बसलेली आहे. म्हणजे यादी हातात घेऊन कामाला लागलात, तर तुम्ही लिहाल तो टिकलेल्या मालकांचा इतिहास. तो चुकीचा नसेल, पण त्याला "मुंबईच्या बाहेर खाण्याचा इतिहास" म्हणता येणार नाही. कारण एकेकाळी या शहरातले हजारो लोक रोज दोन वेळा जिथे जेवत होते, त्या जागांना पाटीच नव्हती.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. खाण्याच्या ठिकाणाचा इतिहास शोधताना पदार्थापासून सुरुवात करू नका. तीन प्रश्नांपासून करा: इथे कोण जेवत होतं आणि ते घरी का जेवत नव्हतं? रांधणारं, वाढणारं, भांडी घासणारं कोण होतं? आणि इथे कोणाला येता येत नव्हतं? या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांत दडलेली असतात. एकही कागद तिन्ही उत्तरं देत नाही. गंमत तिथेच आहे आणि मेहनतही तिथेच आहे.

शहराला बाहेर जेवायची गरज का पडली?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचं काम सुरू झालं. पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, नायगाव, भायखळा, वरळी हा पट्टा गिरणगाव झाला. माणसं आली ती रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, कोल्हापूर-पुण्याच्या बाजूनं आणि नंतर उत्तरेकडूनही.

आले ते बहुतांशी पुरुष. बायका-मुलं आणि म्हातारी माणसं गावी शेतीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना उघडून बघा. १९२१ आणि १९३१ या दोन्ही वेळी मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पाचशे ते सहाशेच्या दरम्यानच होती. हा आकडा लोकसंख्येच्या प्रकरणात एका तक्त्यात असतो आणि आपण तो वाचून पुढे जातो. थांबा तिथे. या आकड्याचा साधा अर्थ असा की शहरात अशी प्रचंड संख्या होती, ज्यांच्यासाठी घरी रांधणारं कोणी नव्हतं. हॉटेलाच्या इतिहासाचं पहिलं साधन म्हणजे हा जनगणनेचा तक्ता. त्यात "हॉटेल" हा शब्द नसला तरी.

दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा माणसं पाळीपाळीनं झोपायची. कोकणातल्या एकेका गावच्या मंडळाच्या खोल्या असायच्या. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या ख्रिस्ती माणसांचे गावागावांचे "कुड" होते. बोटीवर नोकरी करणारा गोवेकर बोट लागेपर्यंत तिथे मुक्काम करायचा. म्हणजे झोपायची सोय गावाच्या नात्यावर झाली. जेवणाची सोय झाली खानावळीत.

खानावळ म्हणजे नेमकं काय?

इथे एक व्याख्येचा मुद्दा आहे आणि संशोधनात व्याख्या फार महत्त्वाची. आज आपण "खानावळ" म्हटलं की घरगुती थाळी मिळणारं हॉटेल डोळ्यांसमोर आणतो. गिरणगावातली खानावळ बऱ्याचदा एका बाईची खोली असायची. ती स्वतःच्या घरच्या चुलीवर, नंतर स्टोव्हवर, आपल्या कुटुंबाबरोबर आणखी दहा, पंधरा, वीस माणसांचं रांधायची. जेवणारे ठरलेले, महिन्याच्या हिशेबानं. कोणी येऊन जेवायचं, कोणी डबा घेऊन गिरणीत जायचं. जेवणारे बहुधा आपल्याच गावाकडचे, ओळखीचे, पुष्कळदा आपल्याच जातीचे. बाई विधवा असेल, नवऱ्याची नोकरी गेलेली असेल, किंवा नवऱ्याच्या पगारात भागत नसेल.

आता यातला पैशाचा व्यवहार समजून घ्या, कारण विषयाचं मर्म तिथे आहे. गिरणीत पगार महिन्यानं व्हायचा आणि तोही काम केल्यानंतर बरेच दिवस अडकून. नवीन कामाला लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडेपर्यंत दीड-दोन महिने उलटायचे. तोवर जेवायचं कसं? उधारीवर. खानावळवाली जेवण आधी घालायची आणि पैसे नंतर घ्यायची. तिला स्वतःला तांदूळ, डाळ, तेल वाण्याकडून उधारीवरच आणावं लागायचं. वाण्याची उधारी थकली की सावकार. म्हणजे गिरणीमालक पगार उशिरा द्यायचा आणि त्या उशिराचा भार शेवटी येऊन पडायचा तो एका खोलीत स्टोव्हपुढे बसलेल्या बाईवर.

आता संपाचा विचार करा. १९२८ चा सार्वत्रिक संप जवळपास सहा महिने चालला. संपाचा इतिहास म्हटला की आपण युनियन, पुढारी, सभा, गोळीबार, वाटाघाटी वाचतो. पण सहा महिने पगार नसताना माणसं जेवली कुठे? राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवर लिहिताना गिरणीच्या फाटकाबाहेरच्या वस्तीकडे, तिथल्या उधारीकडे आणि ओळखीपाळखीकडे लक्ष वेधलं, ते याचसाठी. वस्तीत उधारी मिळते तोवर संप टिकतो. या अर्थानं खानावळवाली ही कामगार चळवळीच्या इतिहासातली एक पात्र आहे. फक्त तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

ती कागदावर का दिसत नाही?

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं १९२३ मध्ये कामगारांच्या घरखर्चाचा एक अहवाल काढला. कुटुंबांबरोबर एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्चही त्यात पाहिले गेले. बर्नेट-हर्स्ट यांचं मुंबईतल्या कामगारांवरचं आणि त्यांच्या घरांवरचं पुस्तक १९२५ चं. शहराच्या गॅझेटियरचे तीन खंड १९०९-१० चे. गोविंद नारायण माडगावकरांचं "मुंबईचे वर्णन" तर १८६३ चं. सगळी चांगली साधनं आहेत आणि ती तुम्ही वाचायलाच हवीत. पण कशी वाचायची ते बघा.

घरखर्चाच्या अहवालात एकट्या कामगाराचा जेवणावरचा खर्च ही एक बाब असते. अमुक रुपये, अमुक आणे. त्या रकमेच्या पलीकडच्या टोकाला एक बाई बसलेली आहे. जेवणाऱ्याच्या हिशेबात ती "खर्च" आहे. तिच्या घरच्या हिशेबात तीच रक्कम "उत्पन्न" असायला हवी. पण तिच्या नवऱ्याला विचारलं तर तो सांगणार, "बायको घरीच असते." जनगणनेत तिचा धंदा नोंदवला जाईलच याची खात्री नाही. जागेला वेगळा परवाना नाही, कारण ती राहती खोली. एकच व्यवहार, पण पैसे देणारा नोंदीत आला आणि घेणारी गळाली. हे गळणं योगायोगानं होत नाही. ज्या कामाला "घरकाम" म्हटलं जातं, ते नोंदीतून असंच निसटतं.

मग ती कागदावर येते केव्हा? १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यातल्या, नंतर कामगार चळवळीतल्या. त्याआधी १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं आणि लहान धंद्याला बँकेनं कर्ज द्यावं हे धोरण आलेलं होतं. सावकाराच्या कचाट्यातून सुटायचं तर बँकेचं कर्ज हवं, आणि कर्ज हवं तर अर्ज हवा, नाव हवं, धंद्याचं नाव हवं, सही किंवा अंगठा हवा. शंभरेक वर्षं शहराला जेवू घालणारी बाई कागदावर ठसठशीत उमटली ती कर्जदार म्हणून.

याचा धडा काय? तुमचा विषय ज्या नावाच्या फायलीत असायला हवा असं तुम्हाला वाटतं, तिथे तो नसेल. खानावळवाली "हॉटेल" या फायलीत नाही. ती "बँक कर्ज", "संप", "धान्य दुकान", "महिला मंडळ" अशा फायलींत आहे. आणि जिवंत माणसांच्या आठवणीत आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींवर उभं केलेलं पुस्तक २००४ मध्ये आलं. मौखिक इतिहास म्हणजे काय हे शिकायला ते जरूर वाचा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जेवणारा माणूस गेला तशी खानावळही गेली. तिच्या जागी "स्थापना अमुक साली" अशी पाटी राहिली नाही, म्हणून ती आपल्या आवडत्या ठिकाणांच्या यादीत नाही.

इराणी: आवडती गोष्ट तपासायची कशी?

आता पाटी असलेल्या ठिकाणांकडे वळू. इराणी हॉटेलांबद्दल सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते: कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी ती घेत नसत, म्हणून इराण्यांना कोपरे मिळाले. ही गोष्ट इतक्या ठिकाणी छापून आली आहे की आपण ती खरी धरूनच चालतो.

खोटी आहे असं मी म्हणत नाही. संशोधक म्हणून ती तपासायची कशी, एवढंच सांगतो. एक वॉर्ड निवडा. जुने सिटी सर्व्हेचे नकाशे घ्या. त्या वॉर्डातले सगळे कोपरे मोजा. एकेका कोपऱ्यावर कोणत्या काळात कोणाचं दुकान होतं ते व्यवसायांच्या जुन्या निर्देशिकांवरून लिहून काढा. कोपऱ्यांवर हिंदूंची दुकानं खरोखरच नव्हती का? असतील तर गोष्ट तिथेच अडखळते. शिवाय दुसरं साधं कारणही शक्य आहे. कोपऱ्यावरच्या जागेला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं, दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा येतो. चहा-पाव विकणाऱ्याला याहून चांगली जागा कुठली? एका घटनेची दोन कारणं समोर असतील तर कुठल्या पुराव्यानं निवाडा होईल हे ठरवणं म्हणजेच संशोधनाचा आराखडा.

अजून एक घोटाळा इथे नेहमी होतो. "पारशी" आणि "इराणी" एकच समजले जातात. पारशी कित्येक शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले. हॉटेलवाले इराणी बहुतांशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमानच्या भागांतून आले. सगळे इराणी जरथुष्ट्री नव्हते. मुसलमान इराण्यांचीही बरीच हॉटेलं होती. धर्म, भाषा आणि स्थलांतराचा काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात त्या वेगळ्या ठेवा.

इराण्याच्या भिंतीवरच्या सूचना आठवा. निस्सिम इझिकेल यांनी तर त्यावर इंग्रजीत कविताच केली. या सूचना आपण गंमत म्हणून वाचतो, पण त्या उत्तम ऐतिहासिक साधन आहेत. मनाईचा फलक वाचला की तिथे काय घडत होतं ते कळतं. जास्त वेळ बसू नका असं लिहिलंय, म्हणजे लोक एका चहावर तासन्‌तास बसत होते. का बसत होते? कारण खोलीवर बसायला जागा नव्हती. पुन्हा आपण त्याच चाळीच्या खोलीत येऊन पोचलो. हॉटेलाचा इतिहास घराच्या इतिहासापासून तोडता येत नाही, तो असा.

उडिपी, बोर्डिंग आणि "कोणाला येता येत नव्हतं?"

माटुंग्याची कथा वेगळी. दक्षिण कानड्यातून आलेली मुलं, तिथली ब्राह्मणी शाकाहारी स्वयंपाकाची परंपरा, आणि माटुंग्यात वसलेला दक्षिणेतला नोकरदार मध्यमवर्ग. रामा नायक यांच्या बोर्डिंगचं साल १९४२. साल नुसतं पाठ करू नका, त्याच्या आजूबाजूला काय चाललं होतं ते बघा. महायुद्ध सुरू होतं, महागाई वाढत होती आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. रेशनिंगच्या काळात बोर्डिंगला धान्य किती मिळायचं, कोणाच्या नावावर मिळायचं, जेवणाऱ्याला आपलं कार्ड तिथे द्यावं लागायचं का, असे प्रश्न विचारलेत की हॉटेल आणि सरकार यांचं नातं उलगडायला लागतं.

मग कामगार. मालकाची कथा "खेड्यातून आलेला पोरगा भांडी घासत घासत मालक झाला" अशी असते. अशी माणसं होतीही. पण शंभर पोरांतला एखादाच मालक झाला असणार, बाकीच्यांचं काय? इथे दोन साधनं मदतीला येतात. एक, १९३९ चा मुंबईचा दुकानं व आस्थापनांचा कायदा आणि त्यानंतरचा १९४८ चा. त्यात उपाहारगृहं स्पष्टपणे येतात: कामाचे तास, सुट्टी, मुलांचं काम. कायदा केला गेला याचाच अर्थ तक्रारी होत्या. कायदेमंडळातल्या चर्चा वाचा, तिथे त्या तक्रारी शब्दांत सापडतील. दोन, रात्रशाळा. दिवसा हॉटेलात काम करून रात्री शिकणाऱ्या मुलांसाठी मुंबईत कन्नड रात्रशाळा चालत होत्या. शाळेचा दाखला, हजेरीपट, वार्षिक अहवाल या कागदांत तो पोरगा दिसतो, हॉटेलच्या कागदांत नाही.

आणि तिसरा प्रश्न. जुन्या पाट्यांवर "हिंदू हॉटेल", "ब्राह्मणाची खानावळ" असे शब्द असायचे. आज आपण ते जुन्या काळची खूण म्हणून कौतुकानं बघतो. पण ती पाटी एकाला "या" म्हणताना दुसऱ्याला "येऊ नका" म्हणत होती. पाटीवरचा शब्द हा पदार्थाबद्दल नसतो, पंक्तीबद्दल असतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा तुमच्या घरात असेल. स्पर्धा परीक्षेसाठी घेतलेलं भारताचं संविधान उघडा, अनुच्छेद १५ चा दुसरा खंड काढा. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जायला केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही, असं त्यात आहे. तलाव, विहिरी आणि रस्त्यांच्या बरोबरीनं. जगातल्या सगळ्या गोष्टी सोडून देशाच्या मूलभूत हक्कांत "उपाहारगृह" हा शब्द का घालावा लागला? कारण तिथून माणसांना हाकललं जात होतं, बाहेर वेगळ्या कपात चहा दिला जात होता. पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. तुमच्या शहरात त्या कायद्याखाली हॉटेलांवर खटले झाले का, निकाल काय लागले, हा एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो. "आजही तीच चव" असं लिहिण्याआधी ती चव १९४० मध्ये कोणाकोणाला चाखता येत होती हे विचारलंच पाहिजे. दलित आत्मचरित्रं या दृष्टीनं पुन्हा वाचा. चहाच्या हॉटेलांचे प्रसंग तिथे वारंवार येतात.

वडापाव: एक माणूस की एक परिस्थिती?

वडापाव १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला असं सर्वत्र सांगितलं जातं. डबेवाल्यांची सेवा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली असंही सांगितलं जातं. अशा "पहिला कोण" कथांशी भांडत बसण्यात फार अर्थ नसतो. प्रश्न बदलून बघा: वडापाव शक्य व्हायला आधी काय काय जागेवर असावं लागलं?

पोर्तुगीजांबरोबर आलेला पाव आणि तो रोज पहाटे भाजून पोचवणाऱ्या बेकऱ्या. बटाटा, तोही बाहेरून आलेला. स्टेशनवर ठरावीक वेळी उतरणारी आणि बसायला वेळ नसलेली गर्दी. फुटपाथवर नेता येईल असा स्टोव्ह. आणि ताट-वाटी न लागणारं, हातात धरून खाता येणारं खाणं. हे सगळं जुळल्यावर पहिला वडा पावात कोणी घातला याला गोष्टीपुरतंच महत्त्व उरतं.

१९६६ हे साल आणखी एका गोष्टीचं. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत तिचा रोख दाक्षिणात्यांवर होता, त्यात उडिपी हॉटेलंही आली. खाण्याचं ठिकाण हे नोकरी कोणाला, शहर कोणाचं या वादाचं मैदान झालं. पुढे १९९५ ला युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर आणली आणि २६ जानेवारी २०२० ला महाविकास आघाडी सरकारनं दहा रुपयांची शिवभोजन थाळी. या योजना एकापुढे एक ठेवा आणि विचारा: प्रत्येक वेळी सरकारच्या डोळ्यांसमोरचा भुकेला माणूस कोण होता? तो कुठे राहत होता, कुठे काम करत होता? हा प्रश्न आपल्याला परत त्या पहिल्याच प्रश्नाकडे आणतो: कोण घराबाहेर जेवतंय आणि का?

आता तुमचा आराखडा

काही कामाच्या सूचना देतो.

शब्दांची यादी आधी करा. जुनी वर्तमानपत्रं आणि सूची चाळताना एकच शब्द शोधून भागत नाही. खाणावळ, खानावळ, भोजनगृह, भोजनालय, बोर्डिंग, विश्रांतिगृह, उपाहारगृह, उपहारगृह, आरोग्य भुवन, चहाचं दुकान, ईटिंग हाऊस, सगळे शोधा. "उपाहार" म्हणजे फराळ आणि "उपहार" म्हणजे भेटवस्तू, हे व्याकरणाच्या मास्तरांचं बरोबर आहे. पण पाट्या रंगवणाऱ्यांनी दोन्ही लिहिलं आहे, त्यामुळे तुम्हाला दोन्ही शोधावं लागेल.

जागा छोटी घ्या. "मुंबईतील उपाहारगृहांचा इतिहास" हा विषय होत नाही, तो ग्रंथमालेचा मथळा होतो. "१९३९ ते १९५५ या काळात दादर-माटुंगा भागातल्या उपाहारगृहांतला बालकामगार" हा विषय होतो, कारण त्यात काळ आहे, जागा आहे, माणसं आहेत आणि साधनांचा अंदाज आहे.

कागद कुठे मिळतील? फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पालिकेचे परवाने १८८८ च्या पालिका कायद्याखाली दिले गेले, आणि खाण्याच्या ठिकाणांवर पोलिसांचीही नजर असायची, म्हणून दोन्हीकडचे अहवाल बघा. वर्षभराची परवानगी मिळवण्याआधी एक आठवडा नुसत्या सूची वाचण्यात घालवा. तो वेळ वाया जात नाही.

मुलाखत घेताना फक्त गल्ल्यावरच्या माणसाशी बोलू नका. मालक तुम्हाला स्थापनेची गोष्ट सांगेल, ती त्यानं पन्नास पत्रकारांना सांगितलेली असते. आचारी, वेटर, भांडीवाली, पाव टाकणारा, समोरचा वाणी यांना विचारा. "तुमच्या आठवणी सांगा" असं म्हटलं तर कोणी बोलत नाही. "सकाळी पहिलं काम कोणतं असायचं?", "उधारी कशावर लिहायचे?", "झोपायचे कुठे?" असं विचारलं की माणूस खुलतो. बिलबुकं, उधारीच्या वह्या, जुनी दरपत्रकं दिसली तर फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. उधारीच्या वहीत लोकांची नावं असतात, ती छापायची नसतात. आणि कामगार आपल्या मालकाबद्दल काही बोलला, तर त्याची ओळख जपणं हे तुमच्या पदवीपेक्षा महत्त्वाचं आहे.

शेवटी वेळेचा मुद्दा, आणि तो खरोखर गंभीर आहे. परवाने, कायदे, जनगणना हे सगळं दहा वर्षांनीही अभिलेखागारात असेल. १९८२ च्या आधी खानावळ चालवलेली बाई आज सत्तरीच्या किंवा ऐंशीच्या पुढे असणार. तुम्ही मुंबईचे असा, सोलापूरचे, इचलकरंजीचे किंवा नागपूरचे, गिरण्या-माग जिथे जिथे होते तिथे अशा बायका होत्या. तुमच्या आजीच्या ओळखीत, शेजारच्या चाळीत, गावच्या मंडळात एखादी नक्की सापडेल. प्रवेश मिळायची, मार्गदर्शक ठरायची, शिष्यवृत्ती यायची वाट पाहू नका. यादीतली हॉटेलं पुढच्या वर्षीही उघडी असतील. या सुट्टीत एक वही घ्या आणि आधी तिच्याकडे जा.